‘चालेल का?’च्या मागे राहून गेलेल्या गोष्टी: सीपी असलेल्या साडेचार वर्षांच्या मुलाचं प्रकरण

मुलगा साडेचार वर्षांचा. जन्म ३०व्या आठवड्यात, वजन सव्वा किलो, पहिले दोन महिने एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आणि त्यातले काही दिवस व्हेंटिलेटरवर. दीड वर्षाचा झाला तेव्हा निदान झालं, दोन्ही बाजूंची स्पास्टिक (स्नायू कडक करणारी) सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच सीपी, त्यातही हातांपेक्षा पाय जास्त कडक, आणि सोबत थोडा डिस्टोनिया, म्हणजे काही करायला गेला की अंग आपोआप पिळवटतं, मान एका बाजूला फिरते, तोंड उघडं राहतं. आधार दिला तर बसतो, सोडला की कलंडतो. कुशीवर वळतो, पोटावर थोडासा सरकतो. स्पष्ट शब्द एकही नाही. आईबाबा दोघंही आलेले, फाईल भली जाडजूड, आणि बाबांनी बसल्या बसल्या विचारलं, "मॅडम, बाकी सगळं राहू द्या, एकच सांगा, हा चालेल का?"

मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे आणि हा प्रश्न मला जवळपास प्रत्येक घरातून येतो, त्यात चुकीचं काहीच नाही, आईबाप आधी हेच विचारणार. पण या घरात तीन वर्षं सगळं त्या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिलं आणि मुलाचा खुबा, बोलणं, बसणं, जेवण, आईची झोप हे सगळं मागे पडलं, म्हणून ही केस सविस्तर लिहितेय. कुटुंबाची ओळख पटेल असं काही यात ठेवलेलं नाही.

आधी सीपी म्हणजे काय ते थोडक्यात. मेंदूची वाढ चालू असताना, म्हणजे पोटात असताना, जन्माच्या वेळी किंवा पहिल्या एकदोन वर्षांत, मेंदूच्या एखाद्या भागाला इजा झाली किंवा तो भाग नीट घडलाच नाही, की हालचालीत आणि शरीर सावरण्यात कायमची अडचण राहते, आणि अशा सगळ्या प्रकारांना मिळून सीपी म्हणतात. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. शरीर मात्र बदलत राहतं, कारण हाडं लांब होत जातात आणि कडक स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत, त्यामुळे तिसऱ्या वर्षी नसलेला त्रास आठव्या वर्षी दिसू शकतो. ‘इजा वाढत नाही’ हे घरच्यांना सांगितलं जातं पण हा पुढचा भाग सांगायचा राहून जातो, आणि या केसमध्ये नेमकं तिथेच अडलं.

आईच्या मनात चार वर्षं एकच होतं, माझं काय चुकलं. हे तिनं बाबांसमोर नाही विचारलं, ते गाडी काढायला खाली गेले तेव्हा विचारलं. मी तिला एमआरआयचा रिपोर्ट उलगडून सांगितला. मेंदूच्या आत मधोमध पाण्याच्या पोकळ्या असतात, त्यांच्या भोवतीचा पांढरा भाग साधारण २४ ते ३४ आठवड्यांच्या काळात फार नाजूक असतो, रक्तपुरवठा थोडा कमीजास्त झाला किंवा कुठे इन्फेक्शन, सूज असली तरी त्याला धक्का बसतो, आणि पायांकडे जाणारे तंतू त्या पोकळ्यांच्या सगळ्यात जवळून जातात म्हणून कमी दिवसांच्या बाळांमध्ये पायांना जास्त फटका बसतो. यात तिनं काय खाल्लं, किती काम केलं, जिना चढली का, याचा काही संबंध नाही. १८६१ मध्ये लंडनला विल्यम जॉन लिटल नावाच्या सर्जननी अवघड बाळंतपण आणि मुलांचे कडक पाय यांचा संबंध मांडला आणि तेव्हापासून सीपी म्हणजे डिलिव्हरीत गडबड असं लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय, पण १८९७ मध्येच फ्रॉइड यांनी (हो, मनोविश्लेषणवाले तेच, आधी ते मेंदूविकारांवर काम करायचे) म्हटलं होतं की अवघड बाळंतपण हे कधीकधी आधीच झालेल्या बिघाडाचा परिणाम असू शकतं. जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडणं हे एक कारण आहेच, तशीच अती वाढलेली कावीळ, मेंदूज्वर, बाळाला पोटात किंवा जन्मानंतर लगेच आलेला स्ट्रोक, काही जनुकीय कारणं हीसुद्धा आहेत, आणि कित्येकदा एकाहून जास्त गोष्टी जुळून येतात.

निदानाला दीड वर्ष लागलं यावर फार लिहीत नाही, पण एवढं सांगते की कमी दिवसांच्या बाळात आता पाचसहा महिन्यांच्या आतही बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं, बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचालींचा व्हिडिओ बघून, ठरावीक न्यूरो तपासणी करून आणि एमआरआय बघून. (कमी दिवसांच्या बाळाचं वय मोजताना आधी झालेले आठवडे वजा करायचे.) चार महिन्यांनंतरही मूठ घट्ट मिटलेली राहते, मान सावरत नाही, नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नाही, वर्षाच्या आतच एकच हात वापरतं, यातलं काही दिसलं तर ‘थांबून बघू’ म्हणत बसू नका. "याचा उजवा हात लवकर चालतो, हुशार आहे" असं कौतुक मी खूप घरांत ऐकलंय. एक वर्षाच्या आत मूल डावखुरं किंवा उजवं ठरत नसतं, दुसऱ्या हाताला काहीतरी अडचण आहे का हे बघायला हवं.

आता या मुलाचा दिवस कसा होता ते. सकाळी तासभर पाय ताणायचे, दुपारी स्टँडिंग बोर्डला बांधून उभा, संध्याकाळी परत तासभर ताणणं, आणि मधल्या काळात कोणीतरी सांगितलं म्हणून दाबाच्या चेंबरमध्ये ऑक्सिजन देण्याचे सेशन, त्यासाठी घरातली बचत मोडलेली. आई म्हणाली, ऑक्सिजननंतर तो जास्त अलर्ट वाटला. खोटं बोलत नव्हती ती. पण २००१ मध्ये कॅनडातल्या १११ मुलांवरच्या ट्रायलचा निकाल आला, एका गटाला जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन आणि दुसऱ्याला किंचित दाब वाढवलेली साधी हवा दिली होती, दोन्ही गटांतली मुलं सुधारली आणि सारखीच सुधारली. मुलं वाढतच असतात, कोणीतरी रोज त्यांच्यासोबत बसतं, लक्ष देतं, खेळतं, आणि श्रेय मशीनला जातं. स्टेम सेल (मूळ पेशी) देण्याच्या उपचारांचंही तेच सांगेन, त्यावर संशोधन चालू आहे, नीट नोंदणी झालेल्या ट्रायलबाहेर पैसे घेऊन कोणी ‘पक्कं बरं करतो’ म्हणत असेल तर तिथून उठून यावं. मला अशा जाहिरातींचा मनापासून राग येतो कारण त्या नेमक्या थकलेल्या आईबापांसाठी लिहिलेल्या असतात.

आणि ते ताणणं. हाताने स्नायू खेचून मिळालेली लांबी फार काळ टिकत नाही हे आता बऱ्यापैकी स्पष्ट झालंय. मूल स्वतः जे करायला बघतं, त्याला हवं असलेलं एखादं काम, ते रोजच्या जागी, रोजच्या वस्तूंसोबत पुन्हापुन्हा केलं की बदल जास्त दिसतो. या मुलाच्या रोजच्या दोन तासांत तो स्वतः काहीच करत नव्हता, त्याच्यावर केलं जात होतं.

मग ‘चालेल का’चं उत्तर. १९९७ मध्ये कॅनडातल्या टीमने मुलांच्या हालचालीची क्षमता ठरवायची जीएमएफसीएस नावाची पाच पातळ्यांची पद्धत आणली, पहिल्या पातळीतली मुलं चालतात, पळतात, पाचवीतल्या मुलांना मान आणि धड सावरायलाही मदत लागते. आमचा मुलगा चौथ्या पातळीत. या पातळीत बसायला नीट आधाराची खुर्ची लागते, काही मुलं वॉकर आणि मोठ्या माणसाच्या मदतीने थोडं अंतर चालतात, बाहेर जायला व्हीलचेअर लागते. २००२ मध्ये त्यांनीच ६५७ मुलांच्या वाढीचे आलेख छापले, त्यात दिसलं की चौथ्या पातळीतली मुलं त्यांच्या हालचालीच्या क्षमतेचा सुमारे ९० टक्के टप्पा साडेतीन वर्षांच्या आसपास गाठतात. सरासरी आहे ती, प्रत्येक मूल थोडं वर खाली असतंच. पण साडेचारव्या वर्षी चौथ्या पातळीत असलेलं मूल पुढे कशाच्याही आधाराशिवाय चालेल याची शक्यता फार कमी, हे सांगायलाच हवं होतं. मी सांगितलं. तेवढंच बोलून सोडलं नाही, आधार देणाऱ्या वॉकरसारख्या चौकटीत पावलं टाकायला तो शिकू शकेल, त्याला त्यात मजाही येईल, हेही सांगितलं. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "इतकी वर्षं कोणीच स्पष्ट बोललं नाही."

त्याच दिवशी मी खुब्याचा एक्स-रे लिहून मागवला, कारण जाडजूड फाईलमध्ये एकही नव्हता. याच्यावर थोडं थांबते. खुब्याच्या खोबणीत मांडीच्या हाडाचा गोळा नीट बसायला मुलाने उभं राहणं, चालणं आणि स्नायूंची ओढ सगळीकडून सारखी असणं लागतं. सीपीत मांड्यांच्या आतले स्नायू कडक, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात, आणि गोळा हळूहळू बाहेर सरकत जातो. सुरुवातीला काहीच दुखत नाही, बाहेरून काही दिसत नाही, हाताने तपासूनही नक्की कळत नाही, फक्त एक्स-रेमध्ये मोजता येतं की गोळ्याचा किती टक्के भाग खोबणीबाहेर आहे. ३० टक्क्यांच्या वर गेला तर खुबा सरकतोय असं धरतात आणि ऑर्थोपेडिक सर्जनना दाखवतात. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरियामधल्या मुलांचा २००६ साली छापलेला अभ्यास आहे, त्यात जीएमएफसीएसच्या पहिल्या पातळीत खुबा सरकलेलं मूल एकही नव्हतं, चौथीत जवळपास ७० टक्के आणि पाचवीत ९० टक्के. म्हणजे पातळी कळली की एक्स-रे किती वेळाने काढायचा ते ठरवता येतं. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ पासून सीपीच्या मुलांची अशी नियमित नोंद आणि तपासणी चालू झाली आणि तिथे खुबा पूर्ण निखळण्याचं प्रमाण अगदी नगण्य झालं. महागडं मशीन लागत नाही याला, वेळेवर काढलेला साधा एक्स-रे लागतो.

आमच्या मुलाचा उजवा खुबा ४४ टक्के बाहेर, डावा ३१.

मी आईला विचारलं, कपडे बदलताना कसा असतो? तिने तिथेच टेबलवर पँट काढून दाखवली. डावा पाय सहज निघाला. उजवा जरा बाहेरच्या बाजूला नेला आणि तो पूर्ण ताठ झाला, पाठीची कमान, डोळे घट्ट मिटले, आणि किंचाळला. आई म्हणाली, "हे त्याचं रोजचं आहे, व्यायामाच्या वेळी पण असंच करतो, हट्टी आहे." तिला दोष देणार नाही मी, तिला तसंच सांगितलं गेलं होतं. सीपीच्या चारपैकी तीन मुलांना कुठे ना कुठे वेदना असतात, आणि जे मूल बोलू शकत नाही त्याची वेदना हट्ट, चिडचिड, कडकपणा, झोप न लागणं अशा नावांखाली गाडली जाते. उजव्या पायाचं जोर लावून ताणणं त्याच दिवशी बंद केलं.

दुसरी मोठी गोष्ट बोलण्याची. फाईलमध्ये दोन ठिकाणी ‘समज कमी’ असं लिहिलेलं, कशाच्या आधारावर ते कुठेच नाही. सीपीच्या साधारण निम्म्या मुलांमध्ये बौद्धिक अडचण असते हे खरं, पण म्हणजे निम्म्यांमध्ये नसते, आणि ज्याचं तोंड, जीभ, हात काहीच ताब्यात नाही त्याची समज नेहमीच्या टेस्टने मोजताच येत नाही. आमच्या स्पीच थेरपिस्टने त्याला आधी नीट बसवायला लावलं, कमरेला पट्टा, दोन्ही बाजूंना आधार, पाय फूटप्लेटवर टेकलेले. मग पारदर्शक बोर्डच्या चार कोपऱ्यांत चार चित्रं लावून ती त्याच्या समोर बसली, बोर्ड मधे, म्हणजे तो कुठे बघतोय ते तिला पलीकडून दिसतं. पाऊस पडला तर काय घेशील? डोळे छत्रीवर. यातलं उडतं काय? पक्षी. मग चित्रं जागा बदलून पुन्हा, नाहीतर तो एकाच कोपऱ्यात बघतोय असंही असू शकतं. मग अवघड: यातलं काय आईला आवडत नाही? तो आधी आईकडे बघून हसला आणि मग पालीच्या चित्राकडे बघितलं. आई रडायला लागली. बाबा उठून बोर्डच्या मागे जाऊन उभे राहिले, त्यांना स्वतः बघायचं होतं.

घरी त्याचं हो-नाही आधीपासून होतंच, हो म्हणायला वर बघायचा, नाही म्हणायला मान फिरवायचा, पण ते फक्त आईला आणि ताईला कळायचं. ते लिहून काढलं आणि सगळ्यांनी तेच वापरायचं ठरलं. मग चित्रांचं पुस्तक, त्यात पहिल्याच पानावर ‘थांब’, ‘दुखतंय’, ‘अजून’, ‘मला नको’. खूप पुस्तकांत आधी फळं आणि प्राणी असतात, पण मुलाला आधी स्वतःच्या शरीराबद्दल बोलता यायला हवं असं माझं ठाम मत आहे. आजीला भीती होती की चित्रांची सवय लागली तर तो बोलणारच नाही. ही भीती खूप घरांत असते. २००६ मध्ये यावरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात अशा साधनांमुळे बोलणं कमी झाल्याचं दिसलं नाही, उलट बऱ्याच जणांमध्ये थोडी वाढच झाली.

खुर्चीवरून मात्र घरात वाद झाला. बाबांना व्हीलचेअर म्हणजे हरलो असं वाटत होतं, आणि ती भावना इतकी खरी होती की मी वाद घातला नाही, फक्त सांगितलं की पंधरा दिवस आमची डेमोची खुर्ची घरी न्या आणि बघा. झालं काय, तर धड सावरायला जी सगळी ताकद जायची ती वाचली, मान जास्त वेळ सरळ राहू लागली, डावा हात पुढे जाऊन वस्तू ढकलू लागला, आणि जेवताना ठसका कमी लागायला लागला. आधी एका जेवणाला तास लागायचा आणि वजन वाढत नव्हतं. मान मागे टाकून भरवलं की घास श्वासनलिकेकडे जायची भीती असते, सरळ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, घट्टसर घास छोटे छोटे दिले तर फरक पडतो. एवढ्याने भागलं नसतं तर पोटात नळीचा पर्याय बोलावा लागला असता, इथे वेळ आली नाही.

कडकपणावरचे पर्याय सर्जन आणि न्यूरॉलॉजिस्टसोबत एकत्र बसून बोललो. बोटॉक्स म्हणजे बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन ठरावीक स्नायूला सैल करतं, परिणाम साधारण तीन ते सहा महिने, त्या काळात काय साधायचं ते आधी ठरलेलं नसेल तर त्याचा उपयोग कमी. तोंडाने घ्यायचं बॅक्लोफेन हे स्नायू सैल करणारं औषध सगळ्या अंगावर काम करतं, थोडी सुस्ती येते, रात्रीच्या डोसवर सुरू केलं आणि झोप सुधारली. पाठीच्या कण्यातल्या काही नसा निवडून कापायचं ऑपरेशन असतं, बाबांनी त्याचे व्हिडिओ बघितलेले, पण ते मुख्यतः निव्वळ स्पास्टिक आणि थोडंफार चालणाऱ्या मुलांसाठी, डिस्टोनिया असताना त्याचा फायदा होत नाही. पंपाने मणक्यात बॅक्लोफेन सोडायचा पर्याय पुढे कधी लागला तर आहे.

खुब्याचं ऑपरेशन पाच वर्षांचा झाल्यावर झालं. आधी वजन थोडं वाढवून घेतलं. मांडीच्या आतले स्नायू सैल केले, दोन्ही मांड्यांचं हाड वरच्या बाजूला कापून कोन बदलून प्लेट-स्क्रूने बसवलं. नंतरचे आठवडे वाईट होते, ते लपवत नाही. दुखणं आणि स्पॅझम (स्नायूंचे पेटके) दोन्ही येतात, एक दुसऱ्याला वाढवतं. पण दुसऱ्या रात्री नर्सने पुस्तक समोर धरलं तेव्हा त्याने ‘दुखतंय’वर बघितलं, आणि मग कुठे म्हणून विचारल्यावर खुब्याला ‘नाही’ आणि टाचेला ‘हो’. पाय नीट धरून ठेवायला लावलेल्या स्प्लिंटची कड टाचेला रुतत होती. काढून बघितलं तर लालभडक झालेलं. त्याला सांगता आलं नसतं तर दुखण्याचं औषध वाढवत बसले असते सगळे.

आईचं आणि ताईचंही थोडं. ताई नऊ वर्षांची, तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं की भावाला काय झालंय, तिला वाटायचं हे आपल्यालाही होईल. दहा मिनिटं बसवून सांगितलं तर प्रश्नांचा पाऊस पडला. आईची पाठ गेलेली होती त्याला उचलून उचलून, तर उचलायची पद्धत, सरकवायचा बोर्ड, आणि आठवड्यातून एक दुपार बाबांनी एकट्याने सांभाळायचं असं ठरलं. घरचा व्यायाम कमी केला. दिवसभरातल्या कामांतच बसवला, कपडे घालताना बाहीत हात त्याने घालायचा, दार उघडताना बटण त्याने दाबायचं, संध्याकाळी ताईसोबत चौकटीत उभा राहून बॉल ढकलायचा. ध्येयं त्या घरानेच निवडली. बाबांचं ध्येय होतं, ‘मी बाहेरून आलो की त्याने स्वतः दारापर्यंत यावं.’ ते पायांनीच यावं असं त्यांनी त्या वेळी म्हटलं नाही, मी नोंद केली.

आता तो सहा वर्षांचा आहे. उजवा खुबा खोबणीत, डावाही ठीक, कपडे बदलताना किंचाळणं बंद. चौकटीत घरातल्या घरात पावलं टाकतो, वळताना मदत लागते. इलेक्ट्रिक खुर्चीची ट्रायल चालू आहे, जॉयस्टिक डाव्या हाताला, भिंतीवर आपटतो आणि हसतो. चित्रांचं पुस्तक जाड झालंय, डोळ्यांनी चालणारा कम्प्युटर मिळतो का ते बघतोय. बोलण्यात दोनचार आवाज नेमके आलेत, घरच्यांना कळतात. शाळेत प्रवेश झाला, पण पहिल्या आठवड्यात त्याला मागे कोपऱ्यात ठेवलं होतं आणि पुस्तक दप्तरातच राहिलं, म्हणून पुढच्या सोमवारी मी आणि स्पीच थेरपिस्ट तिथे जाऊन बाईंना बोर्ड कसा धरायचा, उत्तराला किती वेळ थांबायचं ते दाखवणार आहोत. खुब्याचा पुढचा एक्स-रे सहा महिन्यांनी आहे, प्लेटा कधी काढायच्या ते सर्जन तेव्हा बघून सांगतील, आणि पाठ वाकतेय का हे आता दर भेटीत बघायचं ठरलंय.